तापीकाठचा हिवाळा : रावेर ते नंदुरबार

मंगळवार : रावेर

खान्देशात पाणी बघायला श्रावण-भाद्रपदात यायचं, मार्गशीर्षात नव्हे, असं मामांचं ठाम मत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गिरणा आणि पांझरेच्या पाटांवर गेली, त्यामुळे पाणी म्हटलं की त्यांच्यासाठी वर्ष जूनला सुरू होतं आणि सप्टेंबरला संपतं. मला त्यापुढचे महिने हवे होते. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ज्यांना आपण कोरडे महिने म्हणतो त्यांत इथे अवकाळी कोसळतो, गारा पडतात, थंडी पिकं जाळते. त्याचा काही माग लागतो का ते बघायचं होतं. "गारेचा कसला माग? पडली, विरघळली," मामा म्हणाले. तरी गाडी काढली.

भुसावळहून फैजपूर, सावदा करत रावेरकडे निघालो. डाव्या हाताला सातपुडा, दोन्ही बाजूंना केळी, आणि रस्त्यात केळीचे ट्रक. मामांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे थांबलो. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हटलं. चहा व्हायच्या आधीच आबा बागेत घेऊन गेले. अलीकडे सप्टेंबरात लावलेली कांदेबाग, पलीकडे जूनची मृगबाग. बागेच्या उत्तर आणि पश्चिम अंगाला शेवरीची दाट रांग.

"पानावर हात फिरवा," आबा म्हणाले. पान हिरवंच होतं, पण शिरांच्या मधोमध पिवळट पट्टे उठले होते आणि बोटांना ते किंचित कोरडे लागत होते. याला इथे चरका म्हणतात. मग त्यांनी मधला पोंगा दाखवला. तो गुंडाळी घट्ट धरून बसला होता, आणि त्याच्या खालच्या दोन पानांचे देठ एकमेकांना चिकटून आले होते. पारा १० अंशांच्या आसपास उतरला की केळीची वाढ थबकते. मुळं अन्न उचलत नाहीत, नवं पान उमलायला दुप्पट वेळ घेतं, आणि नेमकी निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळी थंडी आली तर घड खोडाच्या तोंडाशी अडकून बसतो. बाहेर आलेल्या घडालाही धोका असतोच. सालीखालचा चीक थंडीनं बिघडतो, आणि मग तो माल कितीही पिकवा, त्याला तो झळझळीत पिवळा रंग येत नाही. भाव पाडायला व्यापाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं.

उपाय सगळ्यांना पाठ आहेत. रात्री पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. पण रात्री पाणी द्यायचं तर रात्रीची लाईट हवी, आणि ती आठवड्याच्या पाळीनं येते. "थंडीनं पाळी बघून यावं, असं आम्ही तिला कळवलंय," आबा म्हणाले.

विम्याचा विषय त्यांनी स्वतःहून काढला. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी हिवाळ्याची अट अशी आहे : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग ३ दिवस तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं पाहिजे. ते मोजतं महसूल मंडळाचं यंत्र. यंत्र उंच, मोकळ्या जागी आणि आबांची बाग नदीकडच्या खोलगटात. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून सरकून खोलगटात साचते. एका वर्षी दोन दिवस बरोबर बसले आणि तिसऱ्या पहाटे यंत्रावर पारा थोडा वर राहिला. बागेत मात्र तिसऱ्या पहाटेच सगळ्यात जास्त नुकसान झालं. विमा कंपनीच्या माणसानं अतिशय नम्रपणे कागद परत दिला म्हणे. आबांना राग त्या नम्रतेचाच जास्त होता.

रात्री शेतातच भरीत. बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, लाकडी बडजीत ठेचली, सोबत कळण्याची भाकरी. खान्देशच्या थंडीबद्दल पुढे मी बरंच वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधी नोंदवते : असं भरीत उन्हाळ्यात होत नाही.

बुधवार : चांगदेव, हतनूर

सकाळी चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. देवळाच्या दगडावर ऊन पडलं होतं तरी वारा बोचत होता. चांगदेवाची गोष्ट सांगायला इथे प्रत्येक जण तयार असतो. मला ओढ होती ती तापीकाठच्याच मेहुणची. मुक्ताबाई १२९७ च्या वैशाखात इथे वीज कडाडली तेव्हा तिच्यात लोपली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ते वादळ हिवाळ्यातलं नव्हे, पावसाळ्याआधीचं. पण या काठावरच्या वादळांपैकी लोकांनी तिथीसकट सांभाळून ठेवलेलं हेच सगळ्यात जुनं असावं, आणि तेही विजेसाठी नव्हे, मुक्ताईसाठी.

संगमाच्या खाली हतनूर. धरणाला ४१ दरवाजे, आणि मामांनी मला ते मोजायला लावले. हिवाळ्यात इथे लोक बदकं बघायला येतात. उत्तरेकडून आलेली हजारो पाखरं गाळावर आणि उथळ पाण्यावर उतरलेली असतात. मामांचं पाखरांकडे लक्ष नव्हतं. त्यांना गाळ दिसत होता. "पूर्णा माती घेऊन येते, तापी माती घेऊन येते, आणि दोघी मिळून इथे टाकतात," म्हणाले. "धरण भरतं ते पाण्यानं किती आणि मातीनं किती, ते बघ."

मग त्यांनी तापीचा पूर समजावून सांगितला, आणि तो इतका नीट सांगितला की इथे लिहिलाच पाहिजे. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रंही मध्य भारतातून पूर्वेकडून पश्चिमेकडेच सरकतात. म्हणजे पाऊस नदीच्या बरोबरीनं खाली चालत येतो. आधी बुऱ्हाणपूरच्या वर पडतो, ते पाणी इथवर पोचेपर्यंत पाऊसही इथे पोचलेला असतो, मग वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा एकेक करून आपलं पाणी त्यात ओततात. नदी उलट दिशेला वाहत असती तर हेच पाणी तुकड्या-तुकड्यांनी गेलं असतं. सुरतेनं १९६८ मध्ये आणि पुन्हा २००६ च्या ऑगस्टमध्ये जे भोगलं त्यात या एका दिशेचा मोठा वाटा आहे. मधल्या काळात, १९७२ मध्ये, उकाईचं धरण उभं राहिलं होतं. तरीही २००६ झालंच.

"आणि हिवाळ्यातला पाऊस कुठून येतो?" मी विचारलं.

"पश्चिमेकडून. बिनबोलावता," एवढंच उत्तर मिळालं.

गुरुवार : चाळीसगाव

जळगावहून पाचोरा करत चाळीसगाव. इथे थांबायचं कारण पूरच, आणि तोही ताजा. ३१ ऑगस्ट २०२१ ला एका रात्रीत डोंगरी आणि तितूर दोन्ही नद्या फुगल्या, शहरात पाणी शिरलं, काठच्या गावांतली गुरं दाव्याला बांधलेलीच वाहून गेली, आणि वरच्या कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. चहाच्या टपरीवर विषय काढायची खोटी, चार जणांनी चार भिंतींवरची चार उंचीची पाणरेषा दाखवली. एकानं तर हात आपल्या छातीवर ठेवून सांगितलं, "इथवर."

त्याच टपरीवर विचारलं, गारा कधी पडल्या होत्या? चौघांत वाद सुरू झाला. एक म्हणाला होळीच्या आधी, दुसरा म्हणाला नंतर, तिसऱ्याचं म्हणणं ते वर्षच वेगळं. चौथा म्हणाला, "आमच्याकडे पडलीच नाही, आमच्या साडूकडे पडली." तो वाद मिटायच्या आत आम्ही धुळ्याच्या रस्त्याला लागलो. चाळीसगावजवळच्या पाटण्याला जायचं राहिलं. भास्कराचार्यांच्या नावाचा मठ चालावा म्हणून दिलेल्या दानाचा तिथला शिलालेख मला बघायचा होता, पण मामांना अंधाराच्या आत धुळं गाठायचं होतं.

शुक्रवार : धुळे

सकाळी पांझरेच्या काठाने चाललो. एकवीरेच्या देवळापाशी नदीत पाणी म्हणण्यासारखं काही नव्हतं. दगड, शेवाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एका डबक्यात म्हशी. या नदीनं शहर बुडवलं असेल यावर परक्या माणसाचा विश्वास बसणार नाही. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरची पानं मी मोबाईलवर उतरवून आणली होती, ती तिथेच पायरीवर बसून मामांना वाचून दाखवली. १८२२ च्या पुरात तापीनं ६५ गावं पूर्ण उद्ध्वस्त केली, आणखी ५० गावांचा काही भाग नेला. १८३७ ला पुन्हा मोठा पूर. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा एकदम चढल्या. एकट्या धुळ्यात ५०० घरं गेली, एकूण १५२ गावांना फटका बसला, १६ लाखांची मालमत्ता वाहून गेली.

मामांनी १६ लाख हा आकडा दोनदा वाचायला लावला. १८७२ चे १६ लाख!

शेजारी एक म्हातारे धोतर झटकत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि स्वतःचं सांगायला सुरुवात केली. त्यांना १८७२ काय माहीत असणार, पण अंगावर आलेलं पाणी त्यांना पुरतं आठवत होतं. "पानी उनं, आनि बठ्ठं लई गयं," पाणी आलं नि सगळं घेऊन गेलं, एवढंच अहिराणीत बोलून त्यांनी पलीकडच्या काठावरची जागा बोटानं दाखवली. तिथे त्यांचं घर होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वरच्या अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं तेव्हाही पांझरेनं हे काठ धुऊन काढले, ते तर शहरातल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं.

तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली, आणि मामांशी त्यावरून दिवसभर वाद झाला. पुराची नोंद व्हायला पुष्कळ कारणं असतात. पूल पडतो, रस्ता तुटतो, पेठ बुडते, सरकारचा पैसा बुडतो. कलेक्टरला वर कळवावंच लागतं. गारपीट शेतात पडते, शेतातच संपते, रस्ता दुसऱ्या दिवशी चालू असतो. मी वाचलेल्या पानांत पुराची गावागणिक मोजदाद होती, गारांची तशी मोजदाद दिसली नाही. मामांचं म्हणणं, पूर माणसं मारतो, गारा पीक मारतात, मग आधी नोंद कोणाची होणार? त्यांचं खरं आहे. पण पीक गेलेल्या घरात पुढच्या दोन वर्षांत काय-काय होतं हेही मामांनी पाहिलेलं आहे, आणि ते मी त्यांना बोलून दाखवलं. ते काही वेळ गप्प बसले, मग शेवभाजी कुठली चांगली यावर बोलू लागले.

शनिवार : दातर्ती, साक्री

साक्रीच्या रस्त्याला दातर्ती हे गाव मामांसाठी तीर्थच. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा खानदेशातलं त्यांचं पहिलं मोठं काम इथलं : पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं. पावसाळा सुरू झाला, पुरानं काम अडलं, तरुण इंजिनियरनं वरिष्ठांना कळवलं की पावसाळा सरेपर्यंत थांबू. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग त्यांनी ते काम पूर्ण करून दाखवलं. मामा ही गोष्ट दर वेळी नव्या उत्साहानं सांगतात, आणि शेवटी "आमच्या साहेबांनाही मी असंच लिहिलं होतं" हे जोडतात. मामांना काय उत्तर आलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी विचारत नाही.

पांझरेच्या या खोऱ्यात फड बागायतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी, राखायला जागल्या. शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था पूर गृहीत धरूनच बांधलेली होती : पुराचं पाणी बंधाऱ्यावरून जाऊ द्यायचं, त्याला अडवायच्या फंदात पडायचं नाही. गारांसाठी असं काही बांधता येत नाही. आता कोणी द्राक्षावर किंवा डाळिंबावर जाळी टाकतं, पण दोन एकर कांद्यावर जाळी कोण टाकणार?

आणि हा सगळा कांद्याचाच मुलूख. साक्रीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बाई कांद्याची लागण करत होत्या. मी बांधावर बसले, त्या हात न थांबवता बोलत राहिल्या. मार्च २०२३ ची गारपीट त्यांच्या डोक्यात ताजी होती. दुपारी उकडत होतं, चारच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं आलं, आधी वारा, मग मोठे थेंब, मग लिंबाएवढ्या गारा. पाव तास. पत्र्यावर असा आवाज की घरात बोललेलं ऐकू येईना. बाहेर आल्या तेव्हा शेत पांढरं, आणि त्यातून कांद्याची मोडलेली पात तेवढी वर दिसत होती. "कांदा तर जमिनीत होता, तो वाचला असंल," मी म्हटलं. त्या हसल्या. गारेनं पात मोडली की मोडलेल्या जागेतून पाणी मानेत उतरतं. कांदा काढताना चांगला दिसतो, कांदाचाळीत ठेवला की महिन्याभरात आतून सडायला लागतो आणि शेजारच्या कांद्यालाही नासवतो. पंचनामा करणारे आले तेव्हा कांदा दिसायला चांगला होता. ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर मदत, असा नियम. नुकसान झालं ते मे महिन्यात, चाळीत, आणि तेव्हा कोणी मोजायला आलं नाही.

त्यांच्या बांधापलीकडच्या शेतात गार पडलीच नव्हती. हे मी पुढे प्रत्येक गावात ऐकलं. गारांचा ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकत जातो आणि त्याच्याखाली एक अरुंद पट्टाच झोडपला जातो. त्यामुळे गावातल्या अर्ध्या लोकांना ती दुसऱ्याची गोष्ट वाटते.

हिवाळा सरताना हे का होतं, ते असं. उत्तरेकडे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, येतात, त्यांच्याबरोबर वरच्या थरात थंड, कोरडी हवा खाली दक्षिणेकडे उतरते. त्याच वेळी अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून खालच्या थरात दमट वारा शिरला आणि दुपारच्या उन्हानं जमीन तापलेली असली, की हवा जोरानं वर उसळते. थेंब गोठणरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीवर पाणी गोठतं तिच्या, वर फेकले जातात, बर्फाचे थर चढवत राहतात, आणि वर जाणाऱ्या वाऱ्याला पेलवेनासे झाले की खाली येतात. पावसाळ्यात गोठणरेषा खूप उंच असते, खाली येईपर्यंत गार विरघळते. हिवाळ्यात ती खाली असते, म्हणून गार जमिनीपर्यंत टिकते. खान्देशाला उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठा, आणि पश्चिमेला तापीच्या खोऱ्याचं उघडं तोंड. वारा आत यायला मोकळी वाट आहे.

२०१४ साली हे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापुढेही चालू राहिलं, राज्यातल्या २८ जिल्ह्यांत. इतकी लांबलेली गारपीट आठवत नाही असं म्हणणारे ऐंशीच्या घरातले लोक तेव्हा होते. आता अवकाळी म्हटलं की सगळे त्या वर्षापासून सुरुवात करतात, त्याआधीचं पुसट होत चाललं आहे.

रविवार : मुडावद, सारंगखेडा

मामांचं मूळ गाव बेटावदकडचं, म्हणून मुडावदचा पांझरा-तापी संगम हा त्यांच्या घरचाच. कपिलेश्वराचं देऊळ उंचावर आहे. धुळ्यात डबकं होऊन पडलेली पांझरा इथे तापीला मिळते. दर्शन घेऊन शेतात गेलो. दादर, म्हणजे इथली रब्बी ज्वारी, कमरेच्या वर आली होती. काळ्या, भेगाळलेल्या जमिनीत नुसत्या ओलीवर उभं राहणारं हे पीक. हिला मार्गशीर्ष-पौषात एक हलका पाऊस मिळाला तर सोनं, आणि फेब्रुवारी-मार्चात गार आली तर कणसांसकट आडवी.

मामांच्या चुलतभावांना सगळे नाना म्हणतात. त्यांना मी तेच विचारलं, दादर आडवी पडली ते साल कोणतं? ते विचारात पडले. घरातून त्यांच्या वहिनी बोलल्या, "ज्या सालले दादर आडी पडनी, त्याच सालले बेबीनं लगीन व्हतं ना." मग बेबीची पत्रिका शोधली गेली. पत्रिका सापडली नाही, पण बेबीच्या थोरल्या मुलाचं वय मोजून साल निघालं. त्या साली लग्न पुढे ढकलावं लागलं होतं का, हे विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, लग्न झालं, पण मांडे केले नाहीत, साधं जेवण केलं. मला या प्रवासात हव्या होत्या तशा नोंदी इथे सापडल्या. पुरासाठी गॅझेटियर आहे. गारांसाठी लग्नपत्रिका, सोसायटीच्या कर्जाचं खातं आणि कुठल्या वर्षी कोणती म्हैस विकली याची आठवण.

दोंडाईच्यावरून संध्याकाळी सारंगखेड्याला. एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होती आणि घोड्यांचा बाजार भरला होता. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशाकडून आलेले व्यापारी घोड्यांच्या पाठीवर जाड झुली टाकून शेकोटीपाशी बसले होते. त्यांतला एक इथल्या थंडीला थंडी म्हणायला तयारच नव्हता. गर्दी, धूळ, लाऊडस्पीकर. लवकर निघालो.

सोमवार : तोरणमाळ

शहाद्यावरून सातपायरीचा घाट चढून वर. साडेअकराशे मीटरच्या आसपासची उंची, यशवंत तलाव, पावरा वस्त्या. रात्री आयुष्यात पहिल्यांदा दोन घोंगड्या आणि एक रजई एकदम अंगावर घेतली. पहाटे उठून गाडीच्या टपावर बोट फिरवलं तर दव गोठून पांढरा, खरबरीत थर झाला होता, नखानं खरवडला जात होता. गवताच्या पात्यांवरही तोच. तोरणमाळ आणि अक्कलकुव्याकडचं डाब, इथे दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि मग खालचे लोक फोटो काढायला वर येतात. वर राहणाऱ्या माणसाला त्या फोटोंचं काय? आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या पोरांच्या पायांत चपला नव्हत्या.

मंगळवार : प्रकाशा, नंदुरबार

उतरताना प्रकाशा. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वर, दक्षिण काशी. इथलं जुन्या वस्तीचं पांढरीचं टेकाड १९५५ च्या सुमाराला पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी खणलं, आणि त्यात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली. नदीच्या इतकं जवळ आणि तरी इतकं उंच. खाली आता बॅरेज, भरलेलं पाणी, काठाला ऊस. मामा तिथल्या दरवाज्यांकडे बघत रमले. मी घाटावर शेंगदाणे खाल्ले.

नंदुरबारला पोचायच्या आधीच नाकाला कळलं. गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरलेल्या होत्या. बाजार समितीत ओली लाल मिरची लिलावात विकत घ्यायची, मोकळ्या मैदानावर पसरायची, उन्हावर वाळवायची, मग देठ खुडून पोती भरायची. हे काम दिवाळीनंतर चालू होतं ते उन्हाळ्यापर्यंत. ओळीनं बसलेल्या बायका देठ खुडत होत्या, तोंडाला पदर घट्ट बांधलेला. मला पाच मिनिटांत ठसका लागला. त्यांतल्या एकीनं न बघताच पाण्याची बाटली पुढे केली.

आभाळ भरून आलं होतं. पथारीचे शेठ सारखे मोबाईल बघत होते. या धंद्याचं गणित साधं आहे : पथारीवरचा माल उघड्यावर असतो, त्याला छप्पर नाही. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर दहा मिनिटांची भुरभुर झाली तरी ती काळी पडते, बुरशी धरते. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ सुरतेच्या दिशेनं येता येता विरलं, पण त्याचे ढग आणि पाऊस इकडे आलाच. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिककडे गारांनी द्राक्षं झोडपली तेव्हा इथेही अवकाळी होता. ती तारीख शेठना तोंडपाठ होती. गारा आठवायला बेबीचं लग्न लागतं, पण भिजलेला माल वहीत चढतो, हे मी मनात नोंदवलं. ढगाळ हवा असली की शेठ लिलावात उभेच राहत नाहीत. म्हणजे ज्या शेतकऱ्याची मिरची त्या दिवशी तोडून झाली आहे, त्याचा माल घरी पडून राहतो. पाऊस न पडताही नुकसान होतं, ते असं.

साडेतीनला पहिले थेंब आले. एकदम धावपळ. बायकांनी देठांच्या टोपल्या सोडल्या आणि मिरचीचे ढीग करायला लागल्या, पोरं ताडपत्र्यांचे गुंडाळे ओढत आली. मामांनी एक टोक धरलं, मी दुसरं. वारा ताडपत्री उचलत होता, कडेवर विटा ठेवाव्या लागल्या. डोळे चुरचुरायला लागले होते, आणि ओल्या हातानं ते पुसायचे नाहीत हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

भुरभुर थांबायचं नाव घेईना. तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजला. बेटावदहून नाना. मामांनी स्पीकर लावून फोन विटांच्या थप्पीवर ठेवला.

"कोठे शेत?" म्हणजे कुठे आहात.

"नंदुरबारले. आठे पानी पडी ऱ्हायना."

"पडी ऱ्हायना?" नानांचा आवाज एकदम उजळला. "आठे नुसतं आभाळ से. दादर वाट पाही ऱ्हायनी. तठेच काय ठेवतस बठ्ठा, आठे बी धाडा ना थोडा!"

शेठ ताडपत्रीच्या पलीकडच्या कडेला वाकून विटा लावत होते. त्यांनी मान वर केली.

"नानांना सांगा," म्हणाले, "थोडा कशाला, सगळाच घेऊन जा. गाडीभाडं माझं."